गप्पिष्ट माणसाला निसर्गरम्य जागेत नेऊन ठेवू नका

कोपऱ्यावरची_खिडकी

इथं दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं, सांगली-मिरजेच्या आसपास आईवडिलांसाठी राहण्याची चांगली सोय सुचवा. खाली उत्तरं ठरलेली: शांत परिसर, भरपूर झाडी, मंदिर, गोठा, शुद्ध हवा. ज्यांना ते हवंय त्यांना लखलाभ. माझ्या आत्यानं अशी एक जागा गाडीतून न उतरताच नापास केली. "इथं काय मोरांशी बोलू?" म्हणाली आणि काच वर केली.

आत्या आता ८४ वर्षांची आहे. राहते विश्रामबागहून कुपवाडकडे जाताना आतल्या रस्त्याला, एका वृद्धनिवासात. आंघोळीला मदत, गोळ्या वेळेवर, रात्री जागा माणूस, आठवड्याला डॉक्टर. फाटकासमोर भाजीची गाडी लागते, शेजारी शाळा आहे, पलीकडे वेल्डिंगवाला. मी म्हटलं, आत्या, इथं दिवसभर कालवा असतो. तर म्हणे, "तोच बघून आलेय."

तिचं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं, आणि त्या बोलण्याचा पगार मिळायचा. वडील गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. ही मॅट्रिक झाली आणि १९६२ साली पोस्ट अँड टेलिग्राफ खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या बोर्डावर बसायची. समोर भोकांच्या ओळी, हातात दोरीचे प्लग, कानाला हेडसेट. माणूस कॉल बुक करायचा, ही चिठ्ठी करायची आणि मग एकेक एक्स्चेंज पकडत पुढं जायची. ऑर्डिनरी कॉल लावला तर कधी कधी अख्खा दिवस वाट बघायची. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून तसं सांगायचं, मग पलीकडं कुणी रडत का असेना.

हळदीचा हंगाम आला की बोर्डावर श्वास घ्यायला फुरसत नसे. निजामाबादचा भाव काय, इरोडला आवक किती, यावर पेठेत लाखांची उलाढाल व्हायची आणि तो भाव येणार आत्याच्या हातातल्या दोरीतून. कोण व्यापारी रोज सकाळी कुठं बोलतो हे तिला पाठ. कॉलमधलं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही हा नियम मात्र तिनं आजवर पाळलाय. मी पुष्कळ खोदून बघितलं.

दुसऱ्या गावच्या ऑपरेटरणींना त्या नावानं ओळखायच्याच नाहीत. "सांगली बोलतेय, निपाणी द्या." "काय गं निपाणी, आवाज बसलाय का?" अशी वर्षानुवर्षांची मैत्री, तोंड कधी बघितलेलं नाही. निपाणीच्या लग्नाला हिनं साडी पाठवली होती, पत्रिकेवरून तिचं खरं नाव कळलं म्हणे.

पुढे एसटीडी आलं, लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवायला लागले, बोर्ड गेला, आत्या चौकशीच्या खिडकीवर बसली. २००१ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा खात्याचं बीएसएनएल होऊन वर्षही झालं नव्हतं. आतोबा साखर कारखान्यात होते, ते त्याआधीच गेले. एक मुलगी, पुण्यात. गावभागात स्वतःचं घर.

आता जरा चहा टाकते, बाकीचं नंतर लिहिते.

मिरजमेल

वा, लिहा लिहा. आमच्या घरी फोन नव्हता, पण व्हिजिटिंग कार्डावर वडिलांनी नंबर छापला होता, पुढं कंसात 'पी.पी.' तो शेजारच्या डॉक्टरांचा. मुंबईहून काकांचा कॉल आला की डॉक्टरांचा कंपाउंडर पळत यायचा, आम्ही सगळे पळत जायचो आणि तोवर दोन मिनिटं संपलेली असायची. "तीन मिनिटं झाली" म्हणणाऱ्या बाईचा मला लहानपणी भयंकर राग होता. ती तुमची आत्या असण्याची दाट शक्यता आहे.

एक विचारायचं होतं. ६७ च्या भूकंपाच्या वेळी त्या बोर्डावर होत्या का?

कोपऱ्यावरची_खिडकी

@मिरजमेल, राग पोचवला. "रांगेत नंबर लावा" असं उत्तर आलंय.

११ डिसेंबर १९६७. भूकंप पहाटे साडेचारच्या आधी झाला, तेव्हा रात्रपाळीला पुरुष ऑपरेटर होते. हिची सकाळची ड्युटी. अंगावर शाल घेऊन घरातली सगळी रस्त्यावर बसलेली, आणि ही वेणी घालून निघाली. आजीनं हात धरला तर म्हणाली, "आता नाही जायचं तर कधी जायचं?" बोर्डावर एकाच वेळी सगळ्यांनी रिसीव्हर उचललेले. कुणाला आधी घ्यायचं याचा नियमच उरला नव्हता. कराड, पाटणच्या लाइनी लागेनात आणि लोक विचारणार तेवढंच. कोयनानगरला काय झालंय ते दुपारपर्यंत तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. एक म्हातारा दर दहा मिनिटांनी यायचा, मुलगा धरणाच्या कॉलनीत होता. ह्याचं पुढं काय झालं ते आत्या सांगत नाही, विषय बदलते.

आता मूळ मुद्द्यावर. २००५ च्या पुरात घराच्या तळमजल्यात पाणी आलं, ते आम्ही सोसलं. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आत्या ७८ ची, एकटी, वरच्या मजल्यावर. मोबाइल बंद, लाइट नाही. बाईनं काय केलं असेल? गॅलरीत उभी राहून हाका मारून अख्ख्या गल्लीची हजेरी घेतली. कोण कुठल्या मजल्यावर, कुणाकडे तान्हं पोर, कुणाच्या इन्सुलिनचं काय. बोटवाली पोरं आली तेव्हा तिनं त्यांना वरूनच क्रम लावून दिला: आधी त्या पिवळ्या घरातली बाळंतीण, मग समोरचे डायलिसिसवाले, मी शेवटी. त्यातला एकजण अजूनही दिवाळीला तिला भेटून जातो.

त्यानंतर मुलीनं पुण्याला नेलं. तिच्यावर बोट ठेवण्याआधी वाचा: मुलगी चांगली, जावई चांगला, खोली स्वतंत्र, अकराव्या मजल्यावर. आत्याचं म्हणणं एवढंच की सकाळी नऊला दार लागतं ते संध्याकाळी सातला उघडतं, आणि लिफ्टमध्ये भेटणारा माणूस मोबाइलात असतो. ती वॉचमनच्या खोलीत जाऊन बसायला लागली. सोसायटीनं वॉचमनला समज दिली. एका गणपतीला सांगलीत आली ती परत गेलीच नाही.

मग २०२२ ला गावभागातल्या घरी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड, मिरजेत ऑपरेशन, आणि वॉकर आला. जिना संपला. जागा शोधायला सुरुवात झाली ती तेव्हा.

सडेतोड

सगळं वाचलं, रंजक आहे. पण मला प्रामाणिकपणे पटत नाही. मुलगी पुण्यात, भाची सांगलीत, आणि बाई परक्यांत? तुमच्या घरी एक खोली नव्हती का? बोर्डाच्या गोष्टी सांगून मूळ प्रश्न झाकला जातो.

कोपऱ्यावरची_खिडकी

@सडेतोड, खोली होती. अजून आहे. आम्ही दोघंही नोकरीवर जातो, घरी दिवसभर एक बाई ठेवायची म्हणजे पुण्याचीच आवृत्ती, फक्त दुसऱ्या मजल्यावर. शिवाय ती बाई रजेवर गेली की काय, हा प्रश्न आम्ही ऑपरेशननंतरच्या काळात भोगलाय. आत्यानंच मला बसवून सांगितलं की "तुझ्याकडं मी पाहुणी, तिथं मी रहिवासी." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पैशाचंही सांगते, कारण विचारायला लोक लाजतात. राहणं, जेवण, मदतनीस धरून महिना २२ हजार. औषधं, डायपर लागले तर ते, आणि दवाखाना वेगळा. हे तिच्या पेन्शनमधून आणि गावभागातल्या घराच्या वरच्या मजल्याच्या भाड्यातून निघतं. मुलीकडून ती रुपया घेत नाही, हा एक वेगळाच वाद आहे आमच्यात.

भडंग_कमी_तिखट

माझी आजी अशाच एका ठिकाणी होती (जागेचं नाव घेत नाही). गप्पिष्ट माणसाचा तिथल्या लोकांना त्रास होतो हे कुणी लिहीत नाही. आजी प्रत्येकाच्या खोलीत जाऊन बसायची, मग "तुमच्या आजींना सांगा" असे फोन आम्हाला. तुमच्याकडे सगळं गोडच आहे का?

कोपऱ्यावरची_खिडकी

छे हो. पहिल्या महिन्यातच व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं. तक्रारी अशा: स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी कशी द्यायची ते सांगते, एका मदतनीस पोरीच्या लग्नात पडली, दोन्हीकडच्या लोकांशी फोनवर परस्पर बोलली, आणि त्याच पोरीला न विचारता पाच हजार उसने दिले. पैशाचा भाग गंभीर होता. आता तिच्याकडं फक्त वरखर्चाचे पैसे असतात, यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. (आमच्या आत्यासाठी हा मोठा काळ आहे.)

आणि एकानं तर तिच्याशी भांडणच काढलं. तिथं एक जुने हळदीचे व्यापारी आहेत, नव्वदीकडं झुकलेले. व्हरांड्यात खुर्ची भिंतीकडं करून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा पेठेतला जुना तीन आकडी नंबर म्हणून दाखवला. ते वळले. म्हणाले, "तुम्ही माझा इरोडचा कॉल तोडला होता." ही म्हणाली, "तीन मिनिटं झाली होती." ते म्हणाले, "सौदा तोंडात आला होता!" ही म्हणाली, "मग वाढीव मागायचं, पैसे वाचवत होता तुम्ही." मी समोर उभी होते, मला वाटलं आता काठी उगारतात. त्या दिवसापासून रोज दुपारी चहाला हाच खटला चालतो. त्यांचा मुलगा मला म्हणाला की अण्णा रात्री जेवताना उद्या काय बोलायचं त्याचे मुद्दे काढतात.

वाटसरू_सातारा

तुमच्या शीर्षकाशी थोडी असहमती. माझी आई यवतेश्वरच्या अंगाला एका शांत जागी राहते. तीस-पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, वर्गात साठ-साठ पोरं. ती म्हणते, आता मला घंटा ऐकू नको. सकाळी अजिंक्यतारा दिसतो, पुस्तक असतं, संध्याकाळी एक मैत्रीण येते, बास. तिला तुमच्या वेल्डिंगवाल्याशेजारी ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. मोरही चालतो तिला.

कोपऱ्यावरची_खिडकी

@वाटसरू, म्हणूनच शीर्षकात 'गप्पिष्ट' हा शब्द आहे. माझी तक्रार एवढीच की जागा बघायला जातात मुलं, आणि ती आवडते मुलांना. आपण दमलेले असतो, आपल्याला शांतता हवी असते, आणि ती आपण त्यांच्या गळ्यात बांधतो. तुमच्या आईंना विचारलं होतं ना? संपलं तर.

रात्रपाळी

मी मिरजेत नर्स आहे, अशा दोन-तीन ठिकाणी जाऊन काम केलंय. गप्पांचं ठीक, पण जागा घेताना हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका: रात्री किती माणसं असतात आणि ती झोपतात का. पडल्यावर आधी दवाखान्यात नेतात की आधी तुम्हाला फोन करून वाट बघतात. अनामत किती आणि मध्येच सोडलं तर परत कधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या अंथरुणाला खिळलं, लघवीची नळी लागली किंवा विसरभोळेपणा वाढला तर ठेवून घेणार का. पुष्कळ ठिकाणी चालत्याफिरत्या माणसालाच घेतात, आणि ते तोंडी सांगतात, लिहून देत नाहीत. लिहून मागा.

दुसरं, कानाचं बघा. 'आजोबा हल्ली बोलत नाहीत' असं सांगत लोक येतात आणि आजोबांना ऐकूच येत नसतं. कानात मळ असतो, नाहीतर यंत्राचा सेल संपलेला असतो. तो सेल बदलायला तिथं कुणी शिकलेलं आहे का, हा प्रश्न मला मंदिर आहे का यापेक्षा मोठा वाटतो. ताई, आत्यांचे कान कसे आहेत? इतकी वर्षं हेडसेट म्हणजे...

कोपऱ्यावरची_खिडकी

@रात्रपाळी, बरोबर पकडलंत. डावा जवळजवळ गेलाय, बोर्डावर त्याच कानाला हेडसेट असायचा. हेडसेटमुळंच गेला की वयानं, ते डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. जेवायला बसताना ती भिंतीशी डावी बाजू करून बसते, म्हणजे सगळं टेबल उजव्या कानाच्या टापूत येतं. डोळेही मंदावलेत, पण पावलांच्या आणि खोकण्याच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखते. यंत्र घ्यायला वर्ष घालवलं तिनं. त्या व्यापारी अण्णांनी टोमणा मारला, "तेव्हाही माझं ऐकलं नव्हतं," तेव्हा घेतलं.

पेन्शनर_पहिला_आठवडा

कामाचं थोडं सांगतो. केंद्राच्या पेन्शनरला ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. बँकेनं वय चुकीचं धरलेलं असतं, तपासून घ्या. ८० च्या पुढच्यांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो, नोव्हेंबरच्या रांगेची गरज नाही. बोटाचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून होतं, पोस्टमनही जागेवर येऊन करून देतो. ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड निघतं. आणि ७५ च्या पुढं एसटी फुकट आहे हे तुमच्या आत्यांना मी सांगायची गरज नसावी.

घराचं तेवढं जपा. जिवंतपणी बक्षीसपत्र करून देऊ नका, मृत्युपत्र करा. द्यायचंच झालं तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहा. २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, अर्ज प्रांतांकडं. पण अट कागदावर नसेल तर भांडत बसावं लागतं.

कोपऱ्यावरची_खिडकी

@पेन्शनर, एसटीचं कळल्या दिवशीच ती तासगावला जाऊन आली होती, काही काम नसताना. आता वॉकरमुळं बस बंद, पण वर्षातून एकदा गाडी करून सातआठ जणांना नरसोबाच्या वाडीला नेते, बासुंदी आणि कवठाची बर्फी सगळ्यांना वाटते, आणि गाडीचा हिशोब पैशापर्यंत लिहून ठेवते. हयातीच्या दाखल्याचा दिवसही तिनंच ठरवून घेतलाय: पोस्टमन एकाच दिवशी येतो, सगळ्यांचे करतो. त्याच्या मुलीची दहावी कशी गेली इथपासून चौकशी होते, त्यामुळं तो घाई करत नाही. गेल्या वेळी एका आजींचा चेहरा मोबाइलला पटेना. आत्या म्हणाली, "चष्मा काढ, पदर मागं घे, आणि नवऱ्यावर रागावल्यासारखं बघ." लगेच झालं.

घराचं मृत्युपत्र झालंय. ते मला वाचू दिलेलं नाही.

सडेतोड

माझा आधीचा प्रतिसाद जरा तिखट होता. मत पूर्ण बदललं नाही, पण 'पाहुणी आणि रहिवासी' हे आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. नंतर विचारलं, कुपवाडला बस कुठून मिळते.

गलाईवाला_विटा

बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितो. आमचे दादा, म्हणजे वडील, खानापूर तालुक्यातले. गलाईच्या धंद्यात कोइमतूरला आयुष्य गेलं, सोनं आटवून शुद्ध करायचं काम. वय ८१. दुकान धाकट्या भावाकडं देऊन गावाला आणलं. बंगला बांधलाय, पुढं डाळिंबाची बाग. दिवसभर बागेकडं तोंड करून बसतात. तमिळ बोलायला कुणी नाही, आणि मराठी गाववाल्यांशी बोलायला विषय नाही. सोबतीचे कोण गेले, कोण मद्रासकडंच राहिले. कान तपासले, ठीक आहेत. त्यांना कुठं ठेवायचं नाहीये, पण ताई, एकदा तुमच्या आत्यांना भेटायला आणलं तर चालेल का? रविवारी येऊ शकतो.

कोपऱ्यावरची_खिडकी

@गलाईवाला, आत्याला फोन करून विचारलं. ती म्हणते: रविवार नको, रविवारी सगळ्यांचीच माणसं येतात आणि धड बोलणं होत नाही. मंगळवारी आणा, दुपारी साडेतीनला, चहाच्या आधी. कोइमतूर म्हणजे कुठल्या गल्लीत दुकान ते आधी कळवा. १९७० नंतर ते विट्याला कॉल लावत असतील तर बरेचसे आपल्याच बोर्डावरून गेले असणार, असं तिचं म्हणणं आहे. एक तमिळ येणारे रिटायर्ड रेल्वेवाले दोन नंबरच्या खोलीत आहेत, त्यांनाही ती बसवून ठेवते.

आणि तुम्ही स्वतः तिथं बसायचं नाही. दादांना सोडायचं आणि तासाभरानं यायचं. हे तिनं मला दोनदा सांगायला लावलं.